खुडूक बसण्याआधीचे आठ दिवस

पुणे-सोलापूर महामार्गाने टेंभुर्णी जवळ आली की ढाब्यांच्या पाट्या बोलू लागतात: गावरान कोंबडी, गावरान रस्सा, चुलीवरचे जेवण. टेंभुर्णी माढा तालुक्यात येते आणि या तालुक्यात वस्तीवस्तीवर, गोठ्याच्या कडेला, उसाच्या बांधावर देशी कोंबड्या चरताना दिसतात. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजायला तयार आहे, ढाबेवाला पक्षी शोधत फिरतो आहे. तरीही ज्या घरातून हा पक्षी निघायचा, तिथे ऐन उन्हाळ्यात बारा अंडी बसवावीत आणि पाच-सहाच पिल्ली निघावीत, हे नेहमीचे. उरलेली अंडी फोडून पाहायचा कुणाला उत्साह नसतो, ती उकिरड्यावर जातात. त्यांत काय बिघडले होते, हा प्रश्नही त्यांच्याबरोबरच जातो.

उत्तरे तयार असतात. कोंबडी नीट बसली नाही. वीज कडाडली. कुणाची तरी नजर लागली. शिकलेला मुलगा म्हणतो, उबवणीचे मशीन घेतले असते तर असे झाले नसते. या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे: चारही जण अंडी टोपलीत ठेवल्यानंतरच्या एकवीस दिवसांकडे बोट दाखवतात. नुकसान बहुतेक वेळा त्याआधीच झालेले असते. अंडे घातल्यापासून ते उबवायला बसवेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत, कोनाड्यात, पत्र्याखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यात. आणि ते घडवण्यात घरच्या बाईच्या हलगर्जीपणापेक्षा बाजाराचा, आखाडाचा आणि सरकारी योजनांचा हात मोठा आहे.

आधी अंड्याच्या दर्जाबद्दल. शहरातल्या ग्राहकाच्या डोक्यात गावरान अंड्याची दोन लक्षणे पक्की बसली आहेत, तांबूस कवच आणि गडद पिवळा बलक. दोन्ही फसवी आहेत. कवचाचा रंग जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात, आणि ती अंडी गावरान म्हणून सहज खपतात. बलकाचा रंग खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यावर ठरतो. मका, हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क पोटात गेला की बलक गडद होतो, मग कोंबडी अंगणातली असो की पिंजऱ्यातली. आता सोलापूर जिल्ह्याचे धान्य कोणते? ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही इथल्या रब्बीची राणी, आणि तिचा दाणा पांढराशुभ्र. मे महिन्यात रान करपलेले असताना केवळ ज्वारीच्या दाण्यावर जगणारी अस्सल माढ्याची कोंबडी फिकट बलकाचे अंडे देईल आणि पुण्यातले गिऱ्हाईक ते ‘नकली’ म्हणून परत करील.

फिकट बलकाने खाणाऱ्याचे फारसे काही बिघडत नाही. उबवणाऱ्याने मात्र तो इशारा समजावा. हिरवा चारा बंद झाला की रंगाबरोबर अ जीवनसत्त्व आणि ब-२ म्हणजे रायबोफ्लेविनही आटते. रायबोफ्लेविनची कमतरता असेल तर गर्भ साधारण दुसऱ्या आठवड्यात मरतो आणि अंडे फोडले तर आतल्या पिल्लाची लव गाठी पडल्यासारखी आखूड, वळलेली दिसते. उकिरड्यावर गेलेल्या अंड्यांपैकी एखादे तरी फोडून पाहावे ते यासाठी. उजनी धरणाच्या पाण्यावर तालुक्यात ऊस आला, तसा जनावरांसाठी लसूणघासही आला. त्यातला पसाभर कोंबड्यांपुढे टाकला तर हा प्रश्न सुटतो. शेणखताचा ढीग उकरून खाल्लेले किडे बाकीची बरीच उणीव भरून काढतात. उकिरडा उकरणारी कोंबडी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे.

कवचाचे गणित वेगळे आणि माढ्याच्या उन्हाशी थेट जोडलेले. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ते तयार व्हायला कोंबडीच्या पोटात वीसएक तास लागतात आणि त्यातले बरेच काम रात्री चालते. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिशीच्या पुढे गेला की ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. त्यात उन्हाने खाणे घटलेले. म्हणून एप्रिल-मेमधली अंडी पातळ कवचाची, खरखरीत, कधी टोकाला चिरलेली निघतात. पातळ कवचाचे अंडे उबेत भराभर सुकते. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. एकवीस दिवसांत अंड्याचे वजन साधारण अकरा ते चौदा टक्क्यांनी घटावे अशी निसर्गाची योजना आहे. माढ्याच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी ही घट त्याहून जास्त होते आणि पिल्लू आतल्या पडद्याला चिकटून कवच टोचता टोचताच मरते. देशी अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास, लहान, म्हणून वजनाच्या मानाने सुकण्याचा धोकाही त्यालाच अधिक. मशीनबरोबर येणारी माहितीपत्रके मात्र साठ ग्रॅमच्या अंड्यांचा हिशेब धरून छापलेली असतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फळलेले अंडे घातले जाते त्या क्षणी त्यातला जीव सुरू झालेला असतो. कोंबडीच्या पोटातल्या चोवीस तासांच्या उबेत बलकावरच्या तीन-चार मिलिमीटरच्या पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. अंडे बाहेर येऊन गार झाले की ही वाढ थांबते, आणि पुन्हा ३७-३८ अंशांची ऊब मिळाली की पुढे चालू होते. हा थांबा नीट असेल तर जीव टिकतो. उबवणी केंद्रांत म्हणूनच अंडी १५ ते १८ अंशांच्या दमट खोलीत ठेवतात, आणि तिथेही आठवड्याच्या पुढे गेलेल्या प्रत्येक दिवसाबरोबर पिल्ली निघण्याचे प्रमाण घसरते.

आता माढ्यातली पत्र्याची खोली पाहा. मे महिन्यात दुपारी ती चाळीस अंशांच्या पुढे जाते, पहाटे पंचविशीवर येते. ना धड थांबा, ना धड ऊब. पंचवीस-तीस अंशांवर गर्भ हळूहळू, वेडावाकडा वाढू लागतो. दुपारी आणखी ढकलला जातो. पहाटे पुन्हा मंदावतो. असे आठ दिवस गेले की टोपलीत ठेवायला उरते ते वरून धडधाकट आणि आतून मेलेले अंडे. कोंबडी त्याच्यावर एकवीस दिवस इमानेइतबारे बसते.

विजेची समजूत इथेच कुठेतरी जन्मली असावी. वळवाचा पाऊस, ढगांचा गडगडाट आणि खोलीतला सर्वांत जीवघेणा उकाडा हे तिन्ही एप्रिल ते जूनच्या त्याच आठवड्यांत येतात. आजीने पाहिले ते खरेच होते: वीज कडाडली त्या महिन्यातली अंडी फुटली नाहीत. कारण तेवढे दुसरे होते. टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा खिळा ठेवून काही साधत नाही. पण हा उपाय हसण्यावारी नेणाऱ्या शिकलेल्यांनी तरी उकाड्याचा बंदोबस्त कुठे केला?

इथे एक शंका रास्त आहे. देशी कोंबडीची जुनी रीत म्हणजे गवताच्या आडोशाला रोज एक किंवा दिवसाआड एक अंडे घालत जायचे, बारा-पंधरा झाली की खुडूक बसायचे. म्हणजे पहिले अंडे पंधरा-वीस दिवसांचे होते, तरी पिल्ली जवळजवळ एकाच दिवशी निघतात. मग शिळ्या अंड्याचा बाऊ कशाला?

याचे उत्तर उबवणीशास्त्राला अलीकडे सापडले. कोंबडी नवे अंडे घालायला खोप्यात शिरते तेव्हा आधीच्या अंड्यांवर काही वेळ बसून राहते आणि त्यांना थोडी ऊब देऊन उठते. या थोड्या-थोड्या उबेने साठवलेल्या अंड्यातल्या पेशी सावरतात. मोठी उबवणी केंद्रे आता लांबलेल्या साठवणीत अंडी मुद्दाम काही तास तापवून पुन्हा गार करतात, ते याच वागण्याची नक्कल म्हणून. म्हणजे खोप्यातले अंडे आणि डब्यातले अंडे यांचे वय एक असले तरी अवस्था एक नसते. आपण खोप्यातून अंडी रोज उचलतो (बोका, मुंगूस आणि साप यांच्यापायी उचलावीच लागतात) आणि आईचा हा रोजचा स्पर्श तोडतो. मग त्या बदल्यात गारवा तरी द्यायला हवा. ते आपण करत नाही.

प्राचीन इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत. अंडे पुरेसे तापले की नाही हे तिथला कारागीर ते पापणीला लावून ओळखायचा, आणि ही पद्धत तिथल्या पारंपरिक उबवणीत अलीकडेपर्यंत टिकून होती. यंत्राशिवाय उबवणी होते, अचूक होते, यात नवल काहीच नाही. मुद्दा कौशल्याचा आहे. आणि कौशल्य ज्याला भाव असतो तिथेच वाढते.

भावाचा मामला असा. आठवडी बाजार आठवड्यातून एकदा भरतो. तोवर अंडी साठतात. बाजाराला जाताना पाटीत कोणती भरायची? मोठी, डौलदार, स्वच्छ, ताजी. गिऱ्हाईक हलवून पाहते, खुळखुळले तर घेत नाही. घरी काय उरते? लहान, मळकट, वेडीवाकडी आणि मागच्या आठवड्यातली. ‘विकत नाहीत तर बसव’ या न्यायाने तीच खुडूक कोंबडीखाली जातात. खरे तर नियम उलटा हवा: मध्यम आकाराची, एका टोकाला निमुळती, बिनचिरेची आणि तीन-चार दिवसांतली अंडी उबवायला, बाकीची पाटीत. बाजाराला सुबक दिसावे म्हणून अंडी गार पाण्याने धुण्याची सवयही उबवणीच्या मुळावर येते. कवचावरचा संरक्षक थर निघून जातो, आणि गार पाण्याने आतला ऐवज आकसला की छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. मळकट अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. फारच माखलेले असेल तर त्याचे ऑम्लेट उत्तम होते.

बाजार अंड्यांची निवड उलटी करतो तसा आखाड कोंबड्यांची. हिवाळ्यात, मार्गशीर्ष-पौषात निघालेली पिल्ली या भागात सर्वांत चांगली जगतात. आषाढ येईपर्यंत त्यातले नर सहा-सात महिन्यांचे होतात. देवीचा नैवेद्य, आखाडाच्या पार्ट्या, श्रावणाच्या आदल्या दिवशीची गटारी: महिनाभर कोंबड्याला मागणी आणि भाव. दारात आलेले गिऱ्हाईक कोणता कोंबडा धरते? सर्वांत आधी वाढलेला, सर्वांत वजनदार. मागे राहतो तो किडमिडा, आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. शिवाय तो बहुधा त्याच कोंबड्यांचा भाऊ किंवा मुलगा असतो. दहा-बारा कोंबड्यांच्या कळपात असे चार-पाच वर्षे चालले की नात्यातला संकर साठत जातो, आणि त्याचा पहिला फटका पिल्ली निघण्यालाच बसतो. अंडी फळतात, पण गर्भ मध्येच मरतात. एवढा एकच कोंबडा राहिला आणि माद्या वीस असल्या तर अंडी फळण्याचेच वांधे. एका नरामागे आठ-दहा माद्या हे प्रमाण बरे.

गंमत अशी की सरकारी योजनेत हे प्रमाण अगदी बरोबर आहे. पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा जो गट वाटला जातो त्यात पंचवीस माद्या आणि तीन नर असतात. कागदावर उत्तम. पण तीनपैकी दोन आखाडात जातात, आणि उरलेल्या एकाच्या वाट्याला पंचवीस येतात. योजनेत गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी असले तर आणखी एक अडचण: हे पक्षी अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी वाढवायची म्हणून निवड करत गेले की खुडूकपणा निवडीतून गळत जातो, कारण अंड्यांवर बसलेली कोंबडी नवी अंडी देत नाही. लेगहॉर्नचे तेच झाले. गावाकडच्या बायकांनी यावर मार्ग काढला आहे: गिरिराजची अंडी गावठी कोंबडीखाली बसवायची. मार्ग चांगलाच आहे, मात्र मोठ्या अंड्यांची संख्या कमी ठेवावी लागते. सव्वा-दीड किलोच्या कोंबडीच्या पंखांत बारा मोठी अंडी मावत नाहीत आणि कडेची गार पडतात.

म्हणजे वर्षाला पन्नास-साठच अंडी देणारी, तीन-चार वेळा खुडूक बसणारी ती ‘बिनकामाची’ गावठी कोंबडी हे वस्तीवरचे एकमेव उबवणी केंद्र आहे, आणि ते विजेवर चालत नाही. तिच्या खुडूकपणाला दोष मानणारे पिंजऱ्यातल्या हिशेबाने बोलतात. परसातला हिशेब अंड्यांचा नसतो, जगलेल्या पिल्लांचा असतो. बारा अंडी बाजारात विकली तर शे-दीडशे रुपये हाती येतात. त्याच बारांतून पाच पक्षी मोठे झाले तर आखाडात त्यांचे कित्येक पटींनी होतात.

या देशी पक्ष्याकडे धोरणाने किती वेळा पाठ फिरवली याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. बुसरा ही नोंदणीकृत देशी जात नंदुरबारच्या नवापूर भागातली. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू त्याच नवापुरात सापडला, तो मोठ्या फार्ममध्ये. रोग आवरायला आसपासचे पक्षी मारावे लागले, त्यात परसातल्या कोंबड्याही गेल्या. ते टाळता येणारे नव्हते. पण नंतर फार्म पुन्हा उभे राहिले तितक्या तत्परतेने बुसराची अंडी कुणी गावोगाव पोहोचवली काय? दुसरे उदाहरण कडकनाथचे. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून चाललेली पक्षी देऊन अंडी परत घेण्याची योजना कोसळली. पश्चिम महाराष्ट्रातले शेतकरी पोलीस ठाण्यात पोहोचले. तिथे अंड्याला जो भाव लावला होता तो खाणाऱ्याने मोजलेला नव्हता. नवा गुंतवणूकदार येईल, त्याला पिल्ले विकता येतील, या भरवशावरचा तो भाव होता. अंडे फळले आहे का, किती फुटतात, पिल्लू जगते का, हे प्रश्न त्या व्यवहारात कुणाला विचारावेसे वाटले नाहीत.

मागणी आहे, यात शंका नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. व्यापारी कुक्कुटपालनाची वाढ त्याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. म्हणूनच बेरोजगार पोरे शंभर-दोनशे अंड्यांची मशीन घेतात. मशीन वाईट नाही. पण ते मेलेले अंडे जिवंत करीत नाही. गावोगावच्या दुकानांतून गोळा केलेली, वयाचा पत्ता नसलेली अंडी भरली तर पंधरा हजारांच्या मशीनमधून निघते तेच, जे पाटीतल्या कोंबडीखालून निघाले असते. वर वीज गेली की घाबरून लोक मशीनभोवती गोधड्या गुंडाळतात. शेवटच्या आठवड्यात पिल्ली स्वतःच उष्णता सोडत असतात आणि अंड्याला गार पडण्यापेक्षा जास्त तापणे अधिक घातक असते.

कुणी म्हणेल, अंडी फुटण्याचे एवढे कौतुक कशाला, खरी नासाडी पिल्लांची होते. घार, बोका, मुंगूस आणि मानमोडी मिळून निम्मी पिल्ली नेतात. हे खरे आहे, आणि मानमोडीवरची पहिल्या आठवड्यातली लासोटा लस व रात्रीचे घट्ट खुराडे यांना पर्याय नाही. पण कमजोर पिल्लाची सुरुवातही शिळ्या अंड्यात आहे. साठवणीच्या प्रत्येक दिवसामागे अंडे फुटायला साधारण तासाभराचा उशीर होतो. पाटीत दोन दिवसांचे आणि पंधरा दिवसांचे अंडे शेजारी ठेवले तर एकातले पिल्लू निघून वाळलेले असते, तेव्हा दुसरे अजून कवच टोचत असते. कोंबडी पहिली पाच-सात पिल्ली घेऊन चरायला उठते. मागे राहिलेले अर्धवट टोचलेले अंडे गार पडते, आणि घरात म्हणतात, कोंबडीने टाकले.

उपाय मातीच्या मोलाचा आहे, शब्दशः. एका मोठ्या माठात किंवा कुंडीत ओली वाळू, तिच्यात रोवलेले दुसरे लहान मडके, वर ओले गोणपाट. आत कोरड्या भुशावर अंडी, निमुळते टोक खाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी विटा-वाळूचा जो विनाविजेचा शीतकक्ष सुचवला, त्याचे तत्त्व हेच. दमट कोकणात हा माठ फारसा चालणार नाही. माढ्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो दुपारच्या चाळीस-बेचाळीस अंशांतही सव्वीस-सत्तावीसपर्यंत उतरू शकतो. तेवढ्याने शास्त्रातले सोळा अंश गाठले जात नाहीत, म्हणून दुसरी अट: अंडे चार दिवसांच्या वर ठेवायचे नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख. खुडूक कोंबडी तयार असेल तर तिच्याखाली तोवर एक-दोन खोटी किंवा न फळलेली अंडी ठेवून तिला धरून ठेवता येते, आणि मग सगळी ताजी अंडी एकाच संध्याकाळी बसवायची. सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या बॅटरीवर अंडे धरले की आत शिरांचे जाळे दिसते. न दिसले ते काढून टाकायचे. शक्य तिथे मे महिन्यातली बसवणीच टाळावी आणि दसऱ्यापासून माघापर्यंतच्या काळावर भर द्यावा.

नराचा प्रश्न एका घराने सुटणारा नाही. ज्येष्ठात, आखाड लागण्याआधी, पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दोन गावांनी चांगले वाढलेले चार-चार कोंबडे आपसांत बदलले तर नात्यातला संकरही तुटतो आणि देखणा नर सुरीखाली जाण्याआधी कळपात लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला हे घडवून आणायला अनुदान लागत नाही, एक तारीख लागते. आणि पंचवीस-तीनच्या गटाबरोबर जी औषधे, जे खाद्य दिले जाते, त्यात दोन मडकी आणि एक पेन्सिल घालायला हरकत काय आहे?